‘पडणारच आहे तो दात!’

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या चिऊला घेऊन मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. चिऊ आता ११ वर्षांची आहे. चारचौघांत ‘चिऊ’ म्हटलेलं तिला खपत नाही, पण इथे तिचं शाळेतलं नाव कशाला सांगू? तिची खालची, उजवीकडची एक दाढ अजून येत नव्हती, म्हणून दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर मला दाखवला. बाकीचे दात आपापल्या जागी होते. एकच बिचारा खाली हाडात तिरका होऊन अडकला होता आणि शेजारची मोठी दाढ पुढे सरकून त्याच्या जागेवर ऐसपैस बसली होती.

“हिची दुधाची दाढ लवकर काढावी लागली होती का?” त्यांनी विचारलं.

चिऊनं माझ्याकडे पाहिलं. मी उगाचच पर्सची चेन उघडझाप करत राहिले.

“हो,” मी म्हटलं, “पाचव्या वर्षी.”

परत येताना रिक्षात आम्ही दोघी गप्प होतो. माझ्या डोक्यात सहा वर्षांपूर्वीचं एक वाक्य घोळत होतं. आमच्या घरात तेव्हा ते प्रत्येकानं म्हटलं होतं. सासूबाईंनी म्हटलं, यांनी म्हटलं आणि सगळ्यांत जास्त वेळा मी म्हटलं. “अगं, दुधाचाच तर दात! पडणारच आहे तो.”

मैत्रिणींनो, या एका वाक्यापायी आमच्या लेकीला काय काय सोसावं लागलं ते सांगायला आज बसले आहे. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, चुकाच जास्त आहेत. पण माझ्या चुकांमुळे एखादीचं मूल वाचलं, तर तेवढंच समाधान.

मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. बी. ए. झाले, लग्न झालं, चिऊ झाली आणि ती सव्वा वर्षाची असताना ही नोकरी मिळाली. शाळा सकाळी सातची. त्यामुळे रात्री नऊपर्यंत मूल झोपलंच पाहिजे. मग वह्या तपासायच्या, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून ठेवायची, यांचा डबा, सासूबाईंची औषधं. चिऊ काही लवकर झोपणाऱ्यांतली नव्हती. मग मी एक सोपी युक्ती काढली. बाटलीत कोमट दूध, त्यात चमचाभर साखर, बाटली तिच्या तोंडात आणि मी वह्यांपाशी. पाच मिनिटांत मुलगी गाढ झोपायची, निपल तसंच तोंडात. रात्री कुरकुरली की पुन्हा बाटली. शेजारणींना मी कौतुकानं सांगायची, “आमची चिऊ झोपायला मुळीच त्रास देत नाही हो!”

ती दीड वर्षाची असताना तिच्या वरच्या पटाशीच्या दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसायला लागली. दुधाचा थर असेल म्हणून मी फडक्यानं पुसून पाहिली. निघाली नाही. दोन वर्षांची होईपर्यंत ती रेघ पिवळट झाली, मग तपकिरी. तिसऱ्या वाढदिवसाच्या फोटोत माझी लेक खळखळून हसते आहे आणि वर चार काळे खुंट दिसताहेत. पाहुणे म्हणायचे, “चॉकलेटं फार खाते वाटतं?” मी आपली हसून वेळ मारून न्यायची. मागच्या दाढांकडे तर मी कधी पाहिलंच नाही.

चार वर्षं सरली तसं जेवणाचं नाटक सुरू झालं. भात असला तर गिळायची, पण पोळीचा घास गालात धरून तासन्‌तास बसून राहायची. “चाव, चाव” म्हणून माझा घसा सुकायचा. एकदा शाळेतून दमून आले होते, उन्हानं डोकं उठलं होतं. समोर ताट तसंच आणि हिचा एक घास अजून गालातच. मला राग आवरेना. पाठीत एक धपाटा घातला. ती रडली नाही. डोळे भरून तशीच बसून राहिली, घास गालात धरून.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका रविवारी मध्यरात्री, ती किंचाळत उठली. सासूबाईंनी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, मी मीठपाण्यानं चूळ भरायला लावली. सकाळी पाहते तो उजवा गाल पुरीसारखा फुगलेला आणि अंगात सणकून ताप. सोमवार हा आमच्या शाळेत स्वच्छतेच्या तपासणीचा वार. दर सोमवारी मी मुलांना ओळीनं उभं करून नखं पाहायची, केस पाहायची आणि ‘ई करा’ म्हणून दातही पाहायची. दुसऱ्यांच्या मुलांचे! त्या सोमवारी रजा टाकून मी माझ्या मुलीला घेऊन दवाखान्यात बसले होते.

दाढेच्या मुळाशी गळू झालं होतं. आधी पू आणि ताप उतरण्यासाठी औषधं दिली, मग दाढ काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी ती मला हातावर घेऊन दाखवली. वरून भोक केवढंसं, पण आतून किडक्या वालासारखी पोकळ.

“ही दाढ घेऊन मूल जेवत होतं?” त्या म्हणाल्या. “कित्येक महिने दुखत असणार. एवढ्या लहान मुलांना दात दुखतो हे नीट सांगता येत नाही. ती जेवणच टाळतात, एकाच बाजूनं चावतात, नाहीतर घास गालात धरून बसतात.”

घास गालात धरून बसतात! तो धपाटा कुणीतरी माझ्याच पाठीत घातल्यासारखं झालं मला.

“पण बाई, दुधाचीच दाढ ना? पडणारच होती,” मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता ना तुम्ही? दुधाचा दात म्हणजे तो रुमाल. खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी त्यानं जागा धरून ठेवलेली असते. रुमाल वेळेआधी उचलला की शेजारचा सरकून बसतो. मग ज्याची जागा तो उभाच.” सहाव्या वर्षी मागची मोठी दाढ फुटायला लागली की लगेच घेऊन या, जागा राखायला एक लहानशी तार बसवू, असंही त्यांनी बजावून सांगितलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, “जो दात आता नाहीच, त्याच्या जागेसाठी पैसे घालायचे?” आणि मी? गाल उतरला होता, मुलगी खेळायला लागली होती, शाळेत परीक्षा आल्या होत्या. ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता राहून गेलं. आज तो दात हाडात अडकला आहे, त्याचं कारण एवढंच.

मग मात्र मी विचारत गेले, वाचत गेले. जे कळलं ते आपल्या साध्या भाषेत सांगते. दुधाचे दात एकूण २०. साधारण सहाव्या महिन्यात, म्हणजे आपल्याकडे उष्टावण होतं त्या सुमाराला, खालचे दोन डोकावतात. एखाद्या बाळाचे उशिरा आले तरी घाबरायचं कारण नसतं. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांपासून पडायला लागतात, हे आपण पाहतो. पण मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात, हे आपल्या गावीही नसतं. पाच वर्षांच्या मुलाच्या किडक्या दाढेला ‘पडणारच आहे’ म्हणायचं, म्हणजे अजून पाच-सात वर्षं त्यानं तिच्यासकट जेवायचं, झोपायचं, शाळेत बसायचं!

शिवाय दुधाच्या दातावरचं कठीण आवरण पक्क्या दातापेक्षा पातळ असतं. त्यामुळे कीड झपाट्यानं आत जाते. कीड म्हणजे काही वळवळणारी अळी नव्हे. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दात हळूहळू विरघळतो. लाळ ही झीज भरून काढत असते, पण तिला मध्ये वेळ मिळाला पाहिजे. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणाबरोबर वाटीभर श्रीखंड खाल्लेलं एक वेळ परवडलं. पण दिवसभर येता-जाता खडीसाखर, लिमलेटची गोळी, चहात बुडवलेलं बिस्किट हे चालू राहिलं, तर लाळेनं काय काय करावं? आणि झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. गोड दूध रात्रभर दातांभोवती साचून राहतं. आमच्या चिऊचे वरचे दात गेले आणि खालचे पुढचे चांगले राहिले, कारण बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर पांघरुणासारखी असते. केवढं साधं कारण! बी. ए.पर्यंत शिकून मला ते ठाऊक नव्हतं.

धाकटा झाला तेव्हा ठरवलं, बाटली घरात आणायची नाही. पण सकाळी मी शाळेत गेले की त्याला वरचं दूध कसं पाजायचं? तेव्हा सासूबाईंनीच माळ्यावरच्या ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलं, चिंचेनं लख्ख घासलं. “हा याच बोंडल्यावर वाढला,” यांच्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. वर्षाचा झाल्यावर पेला लावला.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र नाही. धाकटा दोन वर्षांचा असताना एकदा शाळेतून आले, तर स्वारी गुळाचा खडा चोखत बसलेली. सकाळपासूनचा हा तिसरा, हेही कळलं. मी तडकून बोलले, “आई, चिऊचं झालं ते पुरे नाही का?”

त्या काही बोलल्या नाहीत. रात्री मी स्वयंपाकघर आवरत होते, तेव्हा त्या कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवत होत्या. कवळीशिवाय त्यांचं बोलणं बोबडं होतं. म्हणून एरवी त्या रात्री बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

“चाळिशीच्या आत माझे सगळे दात गेले बघ. पोर होते तेव्हापासून मिश्री लावायची सवय. दात दुखला की अजून थोडी मिश्री. बाळंतपणात बाईचे दात जायचेच, असं सगळ्या म्हणायच्या. मला कुणी सांगितलंच नाही ग काही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि चिऊला बाटली मी नव्हती लावली.”

मैत्रिणींनो, मला तोंड वर करवेना. खरं होतं ते. इतकी वर्षं ‘आजीचे लाड’ म्हणून तो दोष मी मनातल्या मनात त्यांच्याकडे ढकलला होता. साखरेचा तो चमचा माझा होता. वह्या माझ्या होत्या, घाईही माझीच होती. “चूक माझी होती, आई,” एवढंच कसंबसं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून गूळ जेवणाच्या ताटात, पोळीबरोबर, असा आमचा तह झाला. आणि त्यांनी मिश्रीची डबी केरात टाकली. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात साफ करायचं औषध नव्हे. तिनं हिरड्या जातात, तोंडाचा कर्करोग होतो. पोरांच्या बोटाला तर ती कधी लागूच देऊ नये. राखुंडी आणि खरखरीत मंजनंही मुलांच्या दातांना नकोत.

आता रोजचं सांगते. दात येण्याआधी बाळाच्या हिरड्या ओल्या मऊ फडक्यानं पुसाव्यात. पहिला दात दिसला की लहान, मऊ ब्रश. फ्लोराइडची टूथपेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तसा पेस्टचा लांबलचक पट्टा नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मैत्रिणींनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दिवसातून दोनदा दात घासायचे, पण दोहोंपैकी रात्रीचं घासणं कधीच चुकवायचं नाही. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. आणि घासायचे आपण! मुलाच्या हाती ब्रश दिला की ते पेस्ट खातं आणि पुढचे दोन दात चोळून मोकळं होतं. बुटाची नाडी नीट बांधता येण्याइतका हात वळेपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, आईनं, आजीनं नाहीतर बाबांनी घासून द्यावेत. आमच्याकडे हे काम सासूबाईंचं. भिंतीला टेकून बसतात, धाकट्याचं डोकं मांडीवर घेतात आणि एकेक दात मोजत घासतात. २० झाले की सुटका. एखादा राहिला तर तोच ओरडतो, “आजी, एकोणीसच झाले!”

ज्यांच्या बाळांना बाटलीची सवय लागलीच आहे, त्यांनी हताश होऊ नये. साखर आजच बंद करा. मग रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत न्या. काही दिवसांत बाटलीत नुसतं पाणी उरतं आणि बाळाचा त्यातला जीवही उडतो. दोन-चार रात्री रडतं, पण दातदुखीच्या रडण्यापेक्षा ते रडणं बरं.

अजून काही गोष्टी अनुभवानं कळल्या. दात येताना जुलाब होतातच, म्हणून आपण अंगावर काढतो. ते दातांमुळे होत नाहीत. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ दिसेल ते तोंडात घालतं, त्यातून पोट बिघडतं. जुलाब झाले तर क्षारसंजीवनी द्यावी, डॉक्टरांना दाखवावं. मधाचं बोट वर्षाच्या आत मुळीच नको, त्यानं तान्ह्या बाळाला जिवावरचं दुखणं येऊ शकतं. गोड सिरप पाजलं की वर पाणी पाजावं. आणि बोरन्हाण! बोरं, चुरमुरे, उसाचे करवे हे सगळं छान. पण हल्ली चॉकलेटांचा पाऊस पडतो आणि ती पिशवी पुढे महिनाभर पुरते. आम्ही त्या दिवशी मनसोक्त खाऊ देतो आणि उरलेलं वाटून टाकतो.

सहाव्या वर्षाकडे फार लक्ष ठेवा. दुधाच्या दाढांच्या मागे एक मोठी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आपल्याला तीही दुधाचीच वाटते. ती जन्माची पक्की दाढ असते. तिच्या खाचा खोल असल्या तर डॉक्टर त्या बुजवून देतात, म्हणजे कीड धरत नाही. आणि पडल्या-झडल्यानं दुधाचा दात मुळासकट निघून आला, तर तो परत बसवायला जाऊ नये, खालच्या कोंबाला इजा होते. पण पक्का दात निखळला तर मूळ न चोळता, दुधात बुडवून, धावत डॉक्टरांकडे न्यावा. तो पुन्हा रुजू शकतो.

बाळाचा पहिला वाढदिवस झाला की एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवावं. खर्चाचं भय वाटतं, मलाही वाटलं होतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. तिथे खर्च पुष्कळच कमी येतो. वेळेवर बुजवलेलं भोक स्वस्त पडतं, हे आता यांनाही पटलं आहे. चिऊची मोठी दाढ मागे सरकवून अडकलेल्या दाताला वाट करून द्यायची, तर दातांना तारा लावाव्या लागणार आहेत. दीड-दोन वर्षं तरी जातील, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. खर्च त्या लहानशा तारेच्या कितीतरी पट. पैशाचं एक वेळ सोडा. सातवीत जाणारी मुलगी, तारा लावून वर्गात हसायचं की नाही या विचारात पडली आहे.

त्या दिवशी रिक्षातून उतरल्यावर तिनं विचारलं, “आई, मी जेवत नव्हते म्हणून तू मला मारलं होतंस, ते याच दाढेमुळे ना?”

तिला ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. “हो ग,” मी म्हटलं. “तुझी दाढ दुखत होती आणि मला कळलं नाही. माझं चुकलं.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादूचे दात तरी नीट बघ हं.” ‘दादू’ म्हणजे आमचा चार वर्षांचा धाकटा. रात्री पाहते तर सासूबाईंच्या शेजारी हीच बॅटरी घेऊन बसली होती, त्याच्या तोंडात उजेड पाडायला.

तेव्हा मैत्रिणींनो, हे वाचून झालं की एवढं करा. आज रात्री मूल झोपण्याआधी त्याला दिव्याखाली घ्या, वरचा ओठ अलगद उचला आणि हिरडीलगत नीट बघा. मग ‘आ’ करायला सांगून मागच्या दाढाही बघा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर अजून वेळ गेलेली नाही. तिथेच थांबवता येतं. आणि घरातलं कुणी म्हणालंच, “दुधाचाच तर दात, पडणारच आहे,” तर त्यांना आमच्या चिऊची गोष्ट सांगा.